काकूंच्या गोळ्यांचा हिशेब

प्रिय शैला,

काकूंच्या लिव्हरचे रिपोर्ट ठीक आले हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. परवा तू फोनवर गोळ्यांची नावं भराभर वाचलीस, तेव्हा माझ्या मेडिकलच्या काउंटरवर गर्दी होती. ‘सर्दीची गोळी थांबव आणि आधी डॉक्टरांना फोन कर’ एवढंच सांगू शकले. का सांगितलं, ते आता निवांत लिहिते.

काकू गुडघ्यासाठी दिवसाला दोन गोळ्या घेतात. त्यांच्यावर लिहिलंय असेक्लोफेनॅक 100 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम. म्हणजे पॅरासिटामॉल झालं 650. तापाची डोलो 650 म्हणजेही पॅरासिटामॉलच, ती चार वेळा, तिचे 2600. शेजारच्या वहिनींनी दिलेल्या सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल 500, ती तीनदा, म्हणजे 1500. बेरीज कर: 4750 मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची चोवीस तासांतली कमाल मर्यादा 4000. काकूंसारख्या वयस्कर, किरकोळ अंगाच्या माणसाला डॉक्टर त्याहून कमीच देतात. आणि गंमत म्हणजे काकूंच्या हिशेबी त्या तीन वेगळ्या दुखण्यांची तीन वेगळी औषधं घेत होत्या.

कोरोनापासून डोलो घरोघरी प्रसादासारखी वाटली जाते. साधी गोळी, काय होतंय? मर्यादेत साधीच आहे गं. पण पॅरासिटामॉलचा थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी होतो आणि ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला निकामी करतं. डोस वाढला की त्याचा साठा संपतो, मग लिव्हरच्या पेशी मरायला लागतात. काकू आजारपणात जेवत नाहीत, त्यात हा साठा आणखी आटतो. पहिल्या दिवशी फार तर मळमळतं, कधी तेवढंही नाही. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचं लक्षात आलं, तर ‘बरं वाटतंय, उद्या बघू’ म्हणायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन. पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो.

आता स्ट्रिप हातात घे. पुढचं ठसठशीत नाव सोड, पाठीमागची चंदेरी बाजू उजेडात तिरकी धर. बारीक इंग्रजीत ‘ईच टॅब्लेट कंटेन्स’ असं लिहिलेलं असतं, त्याच्याखालच्या ओळी वाच. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325. सॅरिडॉनमध्येसुद्धा 250 पॅरासिटामॉल आहेच. अमेरिकेहून तुझी नणंद टायलेनॉल आणते ना, तिच्यावर ॲसिटामिनोफेन लिहिलेलं असतं, औषध हेच. ही अक्षरं इतकी बारीक छापणाऱ्यांना एकदा सत्तरीतल्या माणसाचा चष्मा घालून वाचायला बसवलं पाहिजे. त्यातून आम्ही मेडिकलवाले चारच गोळ्या मागितल्या की कात्रीने पट्टी कापतो. एक्स्पायरीची कड आमच्याकडे राहते आणि गिऱ्हाइकाच्या हातात कधीकधी अर्धंच नाव जातं. म्हणून पूर्ण स्ट्रिप घेत जा, उरली तर उरली.

सर्दीच्या गोळीच्या जागी कॉम्बिफ्लॅम देऊ का, असं विचारलं होतंस. नको. असेक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन एकाच जातीची वेदनाशामकं, दोन्ही एकदम पोटात गेली तर जठराला आणि किडनीला त्रास. गुडघ्याला वरून मलम चोळायचं असेल तर डॉक्टरांना विचारून खुशाल चोळ.

आणि हो, नातवाचं. बाळाच्या तापाच्या ड्रॉप्समध्ये 1 मिलीत 100 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, साध्या सिरपमध्ये 5 मिलीत 120. ड्रॉप्सची बाटली हातात घेऊन सिरपच्या मापाने 5 मिली पाजलं तर थेट 500 जातं! बाटलीबरोबरचाच ड्रॉपर वापरायला सांग सूनबाईला, घरातला चमचा नको. डोस बाळाच्या वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

काकूंच्या डब्यातल्या सगळ्या स्ट्रिपांचे पाठीमागून फोटो काढून मला पाठव. सुट्ट्या, नाव नसलेल्या गोळ्या असतील त्या बाजूला काढ, त्या कुणाच्याही पोटात जायला नकोत. रविवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा फोन कर.

तुझी,
मंदा