विषय : पूर्ण रक्कम घेऊनही डोमेन, लोगोची मूळ फाइल आणि हक्कपत्र न दिल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि ग्राहक सेवा प्रमुख यांस,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेले बोलणे हे माझ्याकडून शेवटचे. यापुढे जे होईल ते लेखी होईल, आणि त्याची सुरुवात या पत्राने करीत आहे. नव्या लघुउद्योगांसाठी तुम्ही विकता त्या पॅकेजमध्ये काय काय येते हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही, कारण लोगो, व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, पाऊचचे लेबल, डोमेन, ईमेल आणि संकेतस्थळ ही यादी तुमच्याच कोटेशनमध्ये आहे. माझा कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय नवा आहे आणि त्याची ओळख उभी करण्यासाठी मी तुम्हाला ठरलेली रक्कम शेवटच्या हप्त्यासह दिली. त्या रकमेत जे विकत घेतले, त्यातले जवळजवळ सगळे आजही तुमच्याच ताब्यात आहे, ही माझी तक्रार आहे.

सर्वांत गंभीर बाब डोमेनची, म्हणजे इंटरनेटवरच्या माझ्या पत्त्याची. माझ्या व्यवसायाच्या नावाचे .इन डोमेन तुम्ही नोंदवले, परंतु नोंदणीधारक म्हणून तुमच्या कंपनीचे नाव घातले, आणि हे मला तुम्ही सांगितले नाही; ट्रेडमार्कचे काम पाहणाऱ्या वकिलांनी नोंदणीचा सार्वजनिक तपशील उघडून दाखवला तेव्हा कळले. डोमेन ज्याच्या नावावर, त्याच्या हातात संकेतस्थळही असते आणि ईमेलही. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, जाण्यासाठी लागणारा ऑथ कोड मागितल्यावर तुमच्या प्रतिनिधीने आधी पुढच्या वर्षाचा देखभाल करार करावा लागेल असे सांगितले. अशी कोणतीही अट कोटेशनमध्ये नव्हती. आपल्याच दुकानाची पाटी काढून न्यायला आपणच भाडे द्यावे, असा हा प्रकार आहे.

ईमेलचे कामही अर्धवट सोडले आहे. पुण्यातील एका डिपार्टमेंटल स्टोअरच्या खरेदी विभागाला मी नव्या पत्त्यावरून दरपत्रक पाठवले आणि उत्तर येईना म्हणून फोन केला, तेव्हा ते पत्र त्यांच्या स्पॅममध्ये सापडले. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या तांत्रिक नोंदवहीत, एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्ही नोंदी नव्हत्या; पत्र खरोखर त्याच डोमेनवरून आले आहे, हे त्यांवरून पडताळता येते. पाठवणाऱ्याच्या डोमेनला अशी ओळख असावी, हा नियम जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून लागू केला आहे, आणि ईमेल सेवा विकणाऱ्या कंपनीला तो माझ्याआधी माहीत असायला हवा होता. नव्या व्यावसायिकाचे पहिलेच पत्र स्पॅममध्ये सापडले, तर समोरचा खरेदीदार त्याच्याविषयी काय समजेल, याचा विचार तुमच्याकडे कोणीतरी करायला हवा होता.

लोगोची मूळ फाइल मला आजतागायत मिळालेली नाही. तुम्ही पाठवलेली जेपीजी व्हॉट्सॲपवर बरी दिसते, परंतु पाऊच छापणाऱ्याला व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहणारी फाइल, लागते, आणि ती नसल्यामुळे त्याने आहे ती प्रतिमा मोठी करून छापली. कडा फाटल्या. लोगोतली पडद्यावर तांबडी दिसणारी मिरची छपाईत विटकरी आली, कारण फाइल पडद्यासाठीच्या आरजीबी रंगपद्धतीत होती, छपाईसाठीच्या सीएमवायकेमध्ये नव्हती. एवढ्यावरही मी निभावून नेले असते, परंतु पानासह तीच मिरची मला सांगलीत एका लोणच्याच्या बरणीवर दिसली. "फक्त तुमच्यासाठी घडवलेला लोगो" असे शब्द तुमच्या कोटेशनमध्ये आहेत. मसाले येतात त्या वर्ग 30 मध्ये ट्रेडमार्कचा अर्ज करताना लघुउद्योगाला ऑनलाइन 4,500 रुपये शुल्क भरावे लागते. ते मी भरले आहे, आणि आता त्या अर्जातील चित्र माझे एकटीचे आहे की नाही, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

लेबलविषयी थोडक्यात लिहिते. माझ्या चिन्हाची नोंदणी झालेली नसताना तुमच्या डिझायनरने त्याशेजारी वर्तुळातील आर टाकला. नोंदणी नसताना ती असल्याचे भासवण्यास ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 107 नुसार मनाई आहे, आणि पकडली गेले असते तर मी, तुम्ही नव्हे. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांक मी लिहून दिला होता, त्यातला एक अंक गाळला. कमाल किरकोळ किमतीसोबत लागणारी प्रतिग्रॅम किंमत दिलीच नाही. "मिरची" या शब्दातली पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे गेली. देवनागरी नीट न जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की असे होते, आणि मराठी वाचता येणाऱ्या कोणीही एकदा नजर टाकली असती तरी ती चूक छपाईपूर्वी पकडली गेली असती.

आता आजच्या बोलण्याविषयी. बराच वेळ संगीत ऐकवल्यानंतर तुमचा प्रतिनिधी बोलू लागला. मी तक्रार क्रमांक सांगितला. त्याने तो पुन्हा विचारला. मी पुन्हा सांगितला. मी डोमेन, मूळ फाइल आणि लोगोचे हक्कपत्र या तिन्हींविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, तुमचा बिझनेस नक्की कशाचा आहे?" मी म्हटले, कांदा-लसूण मसाल्याचा. त्यावर त्याने विचारले, "मसालेच ना, मॅडम? मग एवढं कशाला लागतं?" मी म्हटले, जे लागते त्याचे पैसे मी दिले आहेत. तो म्हणाला, "पण छोट्या बिझनेसला कोण विचारतं डोमेन कोणाच्या नावावर आहे ते? व्हॉट्सॲपवर विका, छान चालेल." मी वरिष्ठांशी बोलायचे आहे असे म्हटल्यावर, वरिष्ठ मोठ्या क्लायंटशी बोलतात, असे उत्तर मिळाले. त्यानंतर, मी पुढचे वाक्य पुरे करण्याआधी, फोन ठेवला गेला.

हे त्या मुलाचे वैयक्तिक वर्तन आहे असे मी मानत नाही. वरिष्ठ केवळ मोठ्या ग्राहकांशी बोलतात, हे त्याला कोणीतरी सांगितलेलेच असणार. तुमच्या जाहिरातीत "छोट्यांना मोठे दिसू द्या" असे लिहिले आहे. ते वाचूनच मी तुमच्याकडे आले. माझ्या ओळखीची माणसे पाकीट न पाहताही माझा मसाला नेतात, कारण त्यांनी मला उन्हाळ्यात कांडपावर उभी पाहिलेली असते. पुण्याच्या किंवा मुंबईच्या दुकानातला ग्राहक मला ओळखत नाही. त्याच्यापुढे पाकीट असते, त्यावरचे नाव असते आणि तिथे छापलेला ईमेलचा पत्ता असतो. तेवढ्यावर तो ठरवतो. घरोघरी वर्षभराचा मसाला भरून घेण्याचा हंगाम मार्च ते मे असतो, आणि यंदाचा हंगाम मी फाटक्या कडांच्या पाकिटांवर घालवला.

या पत्राच्या तारखेपासून 15 दिवसांच्या आत डोमेनची नोंदणी माझ्या नावावर करून ऑथ कोड द्यावा, व्हेक्टर स्वरूपातील नवा आणि खरोखर स्वतंत्र लोगो मूळ फाइलसह द्यावा, आणि त्याचे हक्क माझ्याकडे हस्तांतरित केल्याचे सही केलेले पत्र द्यावे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 नुसार असे हस्तांतरण लेखी आणि सहीचेच लागते, त्यामुळे "फाइल पाठवली म्हणजे झाले" हे उत्तर मी स्वीकारणार नाही. वाया गेलेल्या पाऊचचा छपाईखर्च वेगळा द्यावा. छापखान्याचे बिल सोबत जोडले आहे. मूळ फाइल मी याआधीही अनेकदा मागितली आहे, हे नमूद करते.

तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन. व्यवसायासाठी सेवा घेतली म्हणून मी ग्राहक नाही, असा बचाव तुमचे वकील सुचवतील. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेला वापर "व्यावसायिक हेतू" मानलेला नाही, आणि मी मसाला कुटून उपजीविका करते. दावा कोल्हापुरातच दाखल होईल, कारण हा कायदा तक्रारदाराला राहत्या ठिकाणी दाद मागू देतो. उत्तर वरिष्ठांच्या सहीने आणि लेखी पाठवावे. फोन मी घेणार नाही.

तक्रारदार,
मसाला उत्पादक, कोल्हापूर

सोबत : कोटेशन, पैसे भरल्याच्या पावत्या, छापखान्याचे बिल, खराब छपाईचे दोन पाऊच