फासे आहेत, पैसे नाहीत

माननीय संपादक,
स. न.

ऑगस्ट 2025 मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा झाला. तेव्हापासून पोरगा रात्री हेडफोन लावून ‘वीस पडले!’ असे ओरडला, की घरातल्या मोठ्यांना पत्त्यांचा क्लब आठवतो. शंका रास्त आहे, पण तो ओरडा बहुधा वीस बाजूंच्या फाशाचा असतो. ज्याला रोलप्लेइंग गेम म्हणतात त्यात पैसा लावायचा नसतो आणि कोणी जिंकतही नाही. पैसे न लावता खेळायचे खेळ त्या कायद्यानेही वेगळे ठेवले आहेत.

एक जण सूत्रधार होतो (खेळणारे त्याला ‘डीएम’, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतात) आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन आपण काय करतो ते बोलतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा यातला 1974 चा मूळ खेळ. त्याचे पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. महागडी पुस्तके घ्यायची गरज नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारची पोरे आज पुणे, सुरत, जर्मनी, अमेरिका अशी पांगली आहेत. इंटरनेटवरून बोलत खेळता येतो म्हणून त्यांना एकत्र बसवायला हा खेळ उत्तम. तरीही बरेच गट तिसऱ्या-चौथ्या डावात मोडतात. कंटाळा हे कारण क्वचितच असते. मोडतात ते घड्याळ, लाइट आणि आवाज यांच्यामुळे.

आपल्याकडे शनिवारी रात्री साडेआठ म्हणजे हिवाळ्यात जर्मनीत दुपारचे चार आणि न्यू जर्सीत सकाळचे दहा. ही वेळ तिघांनाही सोसते. गोंधळ मार्चमध्ये होतो. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी, आणि आपण करतच नाही. मधले दोन-तीन आठवडे कोणीतरी हमखास तासभर चुकतो. म्हणून वेळ नेहमी भारतीय घड्याळाने ठरवावी आणि बाकीच्यांनी आपापला हिशेब करावा. कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाच्या, आदल्या शनिवारी मात्र डाव ठेवूच नये. घरात रोटांची तयारी चालू असताना ड्रॅगनला कोण विचारतो?

लाइटचे दुखणे नीट समजून घ्यावे. घरात इन्व्हर्टर असूनही राउटर बंद पडतो, कारण साधा इन्व्हर्टर बॅटरीवर येताना क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात राउटर पुन्हा सुरू व्हायला लागतो. मग दोन-तीन मिनिटे माणूस गायब. अनेक इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असते, ते चालू ठेवावे. इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवर 12 व्होल्ट आहे की 9 ते वाचावे, कारण 9 च्या राउटरला 12 दिले तर तो जळू शकतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा, नाहीतर वायफाय दिसते आणि नेट नसते.

मोबाइल डेटावर खेळणाऱ्यांनी कॅमेरा सरळ बंद करावा. डिस्कॉर्डवर (गटाने बोलायचे ॲप) आवाजाचा नेहमीचा दर 64 केबीपीएस, म्हणजे एका माणसाचा तासभर आवाज जेमतेम 29 एमबी. एका वेळी एकच बोलला तर तीन तासांचा डाव शंभर-दीडशे एमबीत उरकतो. तारेचा इअरफोन बरा. ब्लूटूथचा माइक सुरू झाला की आवाजाची प्रत घसरते. एका खोलीत दोघे भाऊ दोन फोनवर स्पीकर लावून बसले तर शिट्टी वाजणारच. टेबलफॅनची हवा माइकवर येऊ देऊ नये.

लढाईचा चौकोनांचा नकाशा सगळ्यांच्या पडद्यावर दाखवायचा मोह नवख्या सूत्रधाराला फार. एका चौकोनाला 70 पिक्सेल धरले तर 30 बाय 20 चौकोनांना 2100 बाय 1400 पिक्सेलचे चित्र पुरते. ते जेपीजी ठेवावे; मोठी पीएनजी फाइल फोनवर उघडता उघडता लढाई संपते. असा नकाशा दाखवणारे ‘फाउंड्री’ हे सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यावे लागते आणि तेही फक्त सूत्रधाराला. पण ते त्याच्याच संगणकावरून चालते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांना स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटचा पत्ता) नसतो. मग फाउंड्रीचे 30000 नंबरचे पोर्ट (आत येण्याचे दार) राउटरवर कितीही उघडा, बाहेरच्याला आत येता येत नाही. सुरुवातीला ब्राउझरमधले ‘रोल20’ किंवा ‘आउलबेअर रोडिओ’ पुरे. खरे तर पहिले चार डाव नकाशाशिवायच खेळावेत.

खेळाडू चार, फार तर पाच. सहावा आला की लढाईत आपली पाळी यायला वीस मिनिटे लागतात आणि लोक रील्स पाहू लागतात. राक्षसांची पाळी एकत्रच घ्यावी आणि ‘आता हा, नंतर तो, तयार राहा’ असे नावानिशी पुकारावे, म्हणजे आवाज उशिरा पोचला तरी दोघे एकदम बोलत नाहीत. संगणकाचा फासा लबाड आहे ही तक्रार प्रत्येक गटात होते. वीस वेळा टाकूनही एकदाही 20 न पडण्याची शक्यता सुमारे 36 टक्के असते, एवढे सांगावे आणि पुढे चालावे.

आणि नियम इंग्रजीत आहेत म्हणून डाव इंग्रजीत कशाला? ‘आते काय करस तू?’ (आता काय करतोस तू?) असे सूत्रधाराने अहिराणीत विचारले की लाजरा खेळाडूही बोलू लागतो. परदेशी किल्ल्यांचीही गरज नाही. खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी थाळनेर तापीकाठी आहे, ललिंगचा किल्ला महामार्गालगत आहे, तोरणमाळच्या दऱ्या आहेत. 1601 मध्ये अकबराच्या हाती पडण्याआधी बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाला महिनोन्‌महिने वेढा होता. त्या वेढ्यातून रात्री निरोप घेऊन बाहेर पडायचे, एवढ्या एका प्रसंगावर तीन शनिवार सहज निघतात.

— एक सूत्रधार, धुळे