‘भारतीय’ म्हणण्याची घाई नको

संपादक महोदय,

दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीच्या गुलामांवरील आपल्या लेखात फरखेलेखन इस्टेटीवरच्या गुलामखान्यात जिचा सांगाडा सापडला त्या स्त्रीला थेट ‘भारतीय’ म्हटले आहे. उपलब्ध पुराव्यावरून तसे म्हणता येत नाही.

डच ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल, मलबार, कोरोमंडलहून माणसे केपला विकत नेली, हे खरेच आहे. पण मादागास्कर, मोझांबिक आणि इंडोनेशियातूनही नेली. गव्हर्नर विलेम आद्रियान फान डेर स्टेल याला या इस्टेटीची जमीन 1700 मध्ये मिळाली आणि शेतकऱ्यांशी झालेल्या भांडणातून 1707 मध्ये तो पदावरून गेला. त्या भांडणात त्याने आणि त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांनी आपापल्या सोयीची इस्टेटीची चित्रेही छापली. गुलामांची बाजू मांडणारे त्यात कोणीच नव्हते. म्हणून या स्त्रीची हाडे मोलाची.

गुलामखान्याच्या जमिनीखाली शवपेटीत पुरलेल्या या प्रौढ स्त्रीच्या हाडा-दातांतील समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचा) अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. दात लहानपणी घडतात आणि नंतर जवळपास बदलत नाहीत. हाड मात्र आयुष्यभर झिजते-भरते, त्यामुळे त्यात आयुष्याच्या नंतरच्या अनेक वर्षांचा आहार उतरतो. हाडाचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवला की खनिज विरघळते आणि कोलॅजेन हे हाडातले प्रथिन उरते. त्यातील कार्बन-नायट्रोजनचे अणुप्रमाण 2.9 ते 3.6 च्या बाहेर गेले, तर नमुना खराब समजून बाजूला ठेवावा लागतो.

खरी गफलत पुढे होते. समस्थानिकांच्या प्रमाणानुसार ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांचा कार्बन एका गटात पडतो, तर भात-गव्हाचा दुसऱ्या. पण समुद्री मासळी भरपूर खाणाऱ्याचा कार्बनही ज्वारी खाणाऱ्यासारखाच दिसू शकतो. म्हणून नायट्रोजन पाहावाच लागतो. मासळीने त्यातील जड समस्थानिकाचे प्रमाण स्पष्ट वाढते. या स्त्रीचे बालपण ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांच्या उष्ण प्रदेशात गेले आणि नंतर तिच्या आहारात मासळी वाढली, असा निष्कर्ष निघाला. पण असे प्रदेश आफ्रिकेत आहेत तसेच भारतातही आहेत. उलट भातावर वाढलेल्या बंगाली मुलीच्या दातांत हा कार्बन अपेक्षितच नाही!

दातांच्या एनॅमलमधील (बाहेरच्या कठीण थरातील) स्ट्रॉन्शियम हा धातू तपासला, तर काही भूभाग वगळता येतात, कारण तो तिथल्या खडकातून अन्न-पाण्यात येतो. पण सारखे खडक दोन खंडांत असले की तिथेही गाडी अडते. त्यामुळे सध्या ‘उष्ण प्रदेशातून आणलेली स्त्री’ एवढेच म्हणणे योग्य. लेखात तशी दुरुस्ती करावी, ही विनंती.

– पुरातत्त्वाचा एक अभ्यासक