आप्पा, तुमच्या एका प्रश्नासाठी

तीर्थस्वरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

माझ्या गाडीत कॉम्प्युटर आणि अलार्म बसवून घेतलात, पण तुम्ही पैसे घेतले नाहीत. पेढ्यांचा बॉक्स घेतलात, पण तो जिन्यातच वॉचमनच्या हातात दिलात. तोंडावर आभार मानायला गेलं की "बरं बरं, चल, निघ" म्हणून वाटेला लावता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. गाडीत स्वतः कॉम्प्युटर आणि अलार्म बसवायच्या नादी लागलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे सोल्डरिंग गन आहे, तपकीर गल्लीतून आणलेल्या सुट्या सामानाची पिशवी आहे, रात्र रात्र बघितलेले व्हिडिओ आहेत. फक्त खालच्या मजल्यावर आप्पा राहत नाहीत.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं : आप्पा एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन होते. सगळी नोकरी लाल गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली. एसटी चोवीस व्होल्टवर चालते, माझी स्विफ्ट बारावर. पहिल्याच दिवशी बॉनेट उघडून तुम्ही म्हणालात, "अर्धीच वीज हाय हिच्यात. पण म्हणून अर्ध्या अकलेनं भागंल आसं समजू नको."

आमची स्विफ्ट २०१४ची, सगळ्यात खालचं मॉडेल. ना म्युझिक सिस्टिम, ना सेंट्रल लॉक. डॅशबोर्डच्या रिकाम्या खोबणीत रास्पबेरी पायचा बोर्ड (तळहाताएवढा कॉम्प्युटर) आणि सात इंची टच स्क्रीन बसवायची, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधून (मेकॅनिक तपासणीचं मशीन जोडतो तिथून) इंजिनाचं तापमान आणि पेट्रोलचा हिशेब त्यावर आणायचा, गाणी आणि नकाशे तर हवेतच, असा माझा बेत. शिवाय अलार्म. गाडी रस्त्यावर लागते, आणि मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी (धूर साफ करणारा महागडा भाग) रातोरात कापून नेल्याच्या बातम्या वाचल्यापासून घरच्यांचा सारखा धोशा होता. आधी एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात चौकशी केली. तिथला मुलगा दुसऱ्याच्या गाडीत काम करत होता : कंपनीची वायर ब्लेडनं सोलली, नवी वायर तिच्यावर पिळली, वर काळी टेप. पंधरा मिनिटांत पॅनल बंद. मी तिथून परत आलो आणि तुमची बेल वाजवली.

मला वाटलं होतं तुम्ही पक्कड घेऊन खाली याल. तुम्ही स्टूल घेऊन आलात. त्या स्टुलावरून शेवटपर्यंत उठला नाहीत म्हटलं तरी चालेल. एकही वायर स्वतः जोडली नाहीत. "आधी कागदावर काढ," एवढंच. मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर आकृती काढली. त्यातल्या प्रत्येक रेघेवर बोट ठेवून तुम्ही तोच प्रश्न विचारलात : "हे बंद पडलं, तर गाडीचं काय हुईल?"

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. गोष्ट चालेल कशी, याचा विचार आम्ही दिवसभर करतो. ती बंद पडताना सोबत काय काय घेऊन जाईल, हे इतक्या साध्या शब्दांत मला कुणी विचारलं नव्हतं.

पहिली रेघ विजेची. बोर्डाला पाच व्होल्ट लागतात, म्हणजे मध्ये बाराचे पाच करणारा कन्व्हर्टर आला. त्याची तार चावीच्या एसीसीच्या लायनीला (चावी पहिल्या टप्प्यावर फिरवली की जिच्यात वीज येते ती) जोडायची, की चावी फिरवली की कॉम्प्युटर चालू, चावी काढली की बंद. सगळे व्हिडिओ हेच सांगतात. तुम्ही मला मीटरचे प्रोब एसीसीवर धरायला लावलेत आणि आमच्या हिला चावी फिरवायला सांगितलीत. मीटरवर साडेबारा दिसले, स्टार्टर फिरला आणि आकडा धाडकन शून्यावर. इंजिन धरलं, आकडा परत वर. स्टार्टरला सगळी ताकद मिळावी म्हणून बऱ्याच गाड्या त्या दोन सेकंदांत एसीसी तोडतात. म्हणजे दरवेळी गाडी सुरू करताना कॉम्प्युटर मध्येच मरणार आणि पुन्हा उठणार. तो ज्या मेमरी कार्डावर चालतो, ते असं लिहिता लिहिता वीज गेल्यावर कधी ना कधी खराब होऊ शकतं.

मग थेट बॅटरीवर? "आणि बंद करायला इसरलास तर?" तुम्ही तिथंच हिशेब मांडायला लावलात. स्क्रीन बंद असली तरी बोर्ड तीनेक वॅट खातो. कन्व्हर्टरचं नुकसान धरून बॅटरीवरून ०.३ अँपिअर. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. भागाकार ११६ तासांवर येतो, म्हणजे पाच दिवससुद्धा नाहीत, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी मान टाकणार. दिवाळीला गावी गेलो आणि गाडी इथंच राहिली, की संपलं.

शेवटी जे ठरलं ते दोघांचं मिळून. वीज बॅटरीवरूनच, पण रिलेतून, म्हणजे विजेनं चालणाऱ्या स्विचमधून. एसीसी आली की रिले ओढतो आणि बोर्ड उठतो. उठल्यावर बोर्ड स्वतःच्या एका पिननं तो रिले धरून ठेवतो. एसीसीची खबर त्याला ऑप्टोकपलरमधून (दोन बाजूंच्या विजा वेगळ्या ठेवून उजेडानं निरोप देणारा भाग) मिळते, कारण त्याच्या पिनांना ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाही. एसीसी गेली की तो अर्धा मिनिट वाट बघतो. स्टार्टर मारत असेल तर ती परत येतेच. नाही आली, तर नीट शटडाऊन होतो आणि शेवटी रिले सोडून देतो. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग), पट्टी प्लसकडे. नाहीतर कॉइल सुटताना जो झटका मारते त्यानं रिले चालवणारा ट्रान्झिस्टर उडतो. प्रोग्रॅम मी लिहिला. पण "वाट बघायला शिकव की त्याला" हे तुमचं वाक्य, आप्पा, आणि त्या प्रोग्रॅममध्ये खरं डोकं तेवढंच आहे.

फ्यूजवरून आपलं भांडण झालं, आठवतंय? बोर्डाजवळ फ्यूज लावला की बोर्ड सुरक्षित, असं माझं म्हणणं. तुम्ही म्हणालात, "फ्यूज मशीनसाठी नसतोय. वायरसाठी असतोय." बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरला कुणीच वाली नसतो. ती फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या, पत्र्यावर घासून सोलली गेली, तर पुढे कितीही फ्यूज असोत, बॅटरीची सगळी ताकद त्या पत्र्यात उतरते आणि वायर लालबुंद होते. म्हणून पाच अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर, वायर दीड स्क्वेअर एमएमची, फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडी) आणि बॉनेटखालचा सगळा प्रवास फ्लेक्सिबल पाइपातून. पाइप काही अंशी उंदरांसाठीही. आपल्या सोसायटीतले उंदीर काय खातात हे पार्किंगमधल्या सगळ्यांना माहीत आहे.

आणि थिंबल, वायरच्या टोकाला दाबून बसवायची ती धातूची टोपी! थिंबल दाबून झालं की तुम्ही म्हणायचात, "वढ." मी ओढायचो. "जोरात वढ." निघालं तर पुन्हा. वायरचे केस सगळे आत गेलेत का, तांबं थिंबलच्या तोंडातून जेमतेम दिसतंय का, दाब तांब्यावर बसलाय की नुसत्या प्लास्टिकवर, हे तुम्ही चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ धरून बघायचात. मग उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह, मग हेअर ड्रायर. तो ड्रायर आमच्या हिचा आहे आणि अजून परत मागितलेला नाही.

अर्थिंगचं एकच सांगतो. डॅशबोर्डखालच्या एका बोल्टला बोर्डाची अर्थ घेतली होती. इंजिन चालू असताना तुम्ही बॅटरीवर मीटर लावायला सांगितलंत : १४.१. कन्व्हर्टरच्या तोंडाशी : १३.७. "मधले चार पॉइंट कोन खाल्लं?" बोल्टाखाली कंपनीचा रंग होता. पॉलिशपेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासलं, दातेरी वायसर टाकला, वर व्हॅसलिन. तेव्हा कुठे दोन्ही आकडे जवळ आले. स्क्रीन मधूनच अंधारते म्हणून चिनी कन्व्हर्टरला शिव्या देणाऱ्यांनी आधी हा बोल्ट बघावा.

आता अलार्म. किटमध्ये सायरन, धक्का ओळखणारा शॉक सेन्सर, दोन रिमोट, चार दारांच्या मोटारी आणि इंजिन बंद करायचा एक रिले. सोबतचा कागद म्हणत होता, हा रिले पेट्रोल पंपाच्या वायरीत घाला, म्हणजे चोरानं गाडी पळवली तरी रिमोटवरून बंद करता येईल. माझे डोळे चमकले. तुम्ही रिले हातात घेतलात. किटमधल्या वस्तूला तुम्ही हात लावलात तो तेवढाच. उलटा करून पायांवरचे आकडे वाचलेत : ३०, ८५, ८६, ८७, ८७ए. मग म्हणालात, "खंबाटकीत ट्रकच्या म्होरं गाडी हाय. ह्याचा पॉइंट जळला. काय हुईल?"

इंजिन बंद. स्टिअरिंग जड. ब्रेक एक-दोनदा लागतील, मग ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपला की पॅडल दगड.

तोडायचंच असेल तर फक्त स्टार्टर तोडायचा; चालत्या गाडीला स्टार्टरचं काही देणंघेणं नसतं. तेही ३० आणि ८७ए वापरून, म्हणजे रिलेत वीज नसताना रस्ता जोडलेला राहतो आणि अलार्म मेला तरी गाडी सुरू होते. मग तुम्हीच विचारलंत, चावीत चिप आहे ना? आहे. कंपनीचं इमोबिलायझर चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू देत नाही. "मग तेच काम दुसऱ्यांदा कशाला?" तो रिले आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. आमच्या अलार्मला गाडी अडवता येत नाही, फक्त बोंब मारता येते, आणि तेवढंच त्याचं काम आहे.

बोंब मात्र चांगली मारतो. सायरनचं तोंड खाली करून बसवला, नाहीतर पहिल्याच पावसात कर्ण्यात पाणी साचलं असतं. सेन्सर प्लास्टिकवर न चिकटवता पत्र्याला आवळला. तरी गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला आणि गाडी रोज संध्याकाळी ताशाला साथ देऊ लागली. दोन विंगांमधल्या लोकांनी माझ्याकडे बघणं सोडलं होतं. तुम्ही बारीक स्क्रूड्रायव्हरनं सेन्सरचा स्क्रू पाव पाव फेरा कमी करायला लावलात आणि दर फेऱ्यानंतर टायरवर लाथ मारायला. लाथेला बोंबलला पाहिजे, ढोलाला नाही. दार उघडलं की स्विच अर्थ देतो, तिथून घेतलेली तार आणि बॉनेटखालचं बटण मात्र पहिल्या फटक्यात चाललं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मला फार आवडली, ती इथे सांगून टाकतो. तुमच्या खिशात तो बल्बवाला टेस्ट लॅम्प कायम असतो. एसटीच्या वायरिंगमध्ये त्याच्या जोरावर तुम्ही वाट्टेल तो फॉल्ट शोधलेला आहे. पण ओबीडी सॉकेटच्या सोळा भोकांपाशी आल्यावर तुम्ही तो परत खिशात ठेवलात. "ह्यात बल्ब करंट ओढतोय. तुमच्या कॉम्प्युटरच्या वायरी नाजूक. हितं मीटर." ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहेत त्यांनी एअरबॅगच्या वायरी जोडणाऱ्या पिवळ्या कपलरांच्या वाटेला मीटर घेऊनही जाऊ नये, हे माझ्याकडून जोडतो. ओबीडीच्या सोळाव्या पिनेत चावी काढली तरी बारा व्होल्ट असतात, म्हणून त्यात अडॅप्टर कायमचा खोचून ठेवायचा नाही, हेही त्या दिवशी मीटरनंच दाखवलं.

शेवटची परीक्षा रात्री घेतलीत : बंद गाडी बॅटरीतून किती वीज खाते. गाडी लॉक केली, बॅटरीची मायनस सोडवून मध्ये दहा अँपिअरच्या सॉकेटवर मीटर, आणि अर्धा तास गप्पा, गाडीतली सगळी यंत्रं झोपेपर्यंत. (मीटर असा लावलेला असताना कुणी स्टार्टर मारू नये, मीटरचा फ्यूज जातो.) आकडा ३०-३५ मिलिअँपिअरवर स्थिरावला. पन्नासच्या आत असला की ठीक, असं म्हणालात आणि पहिल्यांदा स्टुलावरून उठलात.

विम्याचं तुम्ही विचारलं होतंत. वेताळ टेकडीवरच्या आपल्या एआरएआयनं (गाड्यांची तपासणी करणारी संस्था) मंजूर केलेलं चोरीविरोधी उपकरण असेल, आणि ते बसवल्याचा ऑटोमोबाईल असोसिएशनचा दाखला असेल, तर विम्याच्या जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे ओडी हप्त्यात (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात) अडीच टक्के सूट असायची, जास्तीत जास्त ५०० रुपये. आपल्या कारागिरीला ती मिळाली नसती. तुम्ही हसणार, माहीत आहे. पण तुम्ही बसवून घेतलेलं काम मंजुरीच्या कुठल्याही शिक्क्यापेक्षा पक्कं आहे, असं मी लिहून द्यायला तयार आहे.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा

ता. क. : तुमचा मीटर माझ्याकडेच आहे, नवी नऊ व्होल्टची सेल घातली आहे. सी विंगमधल्या एकाला त्याच्या वॅगन आरमध्ये असंच सगळं करायचंय. त्याला सांगितलं, आधी कागदावर काढून आण. रविवारी सकाळी येतो म्हणालाय. त्याची आकृती मी बघितली, फ्यूज कुठेच नाही. मी काही बोललो नाही. तुम्हीच बघा.