तेरा चंद्रांचे शुभेच्छापत्र

पुणे,
दत्तजयंतीचा दुसरा दिवस

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र परवा मिळाले. बाबांच्या वाढदिवसाला आला होतास, तेव्हा मी त्यांना दिलेले शुभेच्छापत्र तू बराच वेळ उलटसुलट करून पाहत होतास आणि ते कोणत्या दुकानातून आणले असे विचारत होतास. मी ते घरी, जेवणाच्या टेबलावर केले आहे, यावर तुझा त्या दिवशी विश्वास बसला नाही. आता संक्रांतीच्या आठवड्यात काकूंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून तसेच काहीतरी स्वतःच्या हाताने करण्याचे तुझ्या मनात आले आहे आणि सगळी कृती सविस्तर लिहून पाठव, असा तुझा हुकूम आहे. लिहितो. मात्र एक आधीच सांगून ठेवतो : तू पाहिलेस ते पाचवे कार्ड होते. आधीची चार रद्दीत गेली आणि त्यांतली दोन एकाच कारणाने गेली, ते म्हणजे माझ्या हाताने रंग जास्त घेतला.

चंद्रांची कल्पना सहस्रचंद्रदर्शनावरून सुचली. ऐंशी वर्षे झाली की माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या असे आपण म्हणतो, पण बाबांनी आयुष्यभर गणित शिकवल्यामुळे त्यांच्यापुढे असे ढोबळ विधान टिकत नाही. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस धरले तर ऐंशी वर्षांत ९८९ पौर्णिमा होतात आणि हजारावी पुढच्या दहा-अकरा महिन्यांत येते, हे त्यांनी मला वाढदिवसाच्या दोन महिने आधीच कागदावर मांडून दाखवले होते. हजार चंद्र कार्डावर मावणार नव्हते. म्हणून वर्षाचे बारा आणि अधिक मासाचा एक धाकटा, असे तेरा चंद्र गोलाकार उमटवायचे, मध्ये '८०' हा आकडा, त्याखाली 'बाबा' आणि मागे चांदण्यांचे आकाश, असे ठरले. चंद्र ठशाने, अक्षरे आणि आकडा स्टेन्सिलने, म्हणजे आकार कापून काढलेल्या साच्यातून रंग लावून, आणि चांदण्या टूथब्रशने.

ठसा म्हटल्यावर मला आपली चौथीतली चित्रकला आठवली आणि मी सरळ बटाटा कापला. तुला आठवते ना, बाईंनी भेंडी आणि बटाटे आणायला सांगितले होते आणि मधल्या सुट्टीपर्यंत तुझा सदरा पाठीवरही रंगला होता? बटाट्याची अडचण अशी की तो कापल्याबरोबर पाणी सोडतो. काप फडक्याने टिपून दहा मिनिटे तसाच पालथा ठेवला नाही, तर त्या पाण्यात रंग पातळ होतो आणि ठसा उचलताना कडेला ओघळ राहतो. मी हे न करता, गुळगुळीत निळ्या कार्डशीटवर घाईने ठसे मारले. सगळे चंद्र घसरले. संध्याकाळी तोच बटाटा पुन्हा हातात घेतला तर तो सुकून आक्रसला होता आणि त्याचा गोल गोल राहिला नव्हता. हे पहिले कार्ड.

मग मी कागद बदलला. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, ती १९४० सालापासून चालू आहे आणि तिथे सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करतात. तिथून गडद निळ्या रंगाचे जाड कागद आणले. हा कागद किंचित खरखरीत असतो, त्यामुळे त्यावर ठसा भरीव उमटत नाही, मध्येमध्ये बारीक ठिपके कोरे राहतात. एरवी हा दोषच. पण बटाटा टाकून देऊन मी आईच्या जुन्या थर्मासचे बूच घेतले आणि त्यावर फिका पिवळा रंग लावून कागदावर टेकवले, तेव्हा बुचाची छिद्रे आणि कागदाचा खरखरीतपणा एकत्र येऊन चंद्रावरच्या डागांसारखे डाग आपोआप उमटले. मी ते ठरवून केले असते तर जमले नसते. तेराव्या, धाकट्या चंद्रासाठी पेन्सिलीच्या मागचे खोडरबर पुरले.

गडद कागदावर शाईच्या पॅडचा काही उपयोग नाही, कारण ती शाई पारदर्शक असते आणि निळ्यावर दिसतच नाही. त्यासाठी पोस्टर कलर हवा, कारण तो खालचा रंग झाकतो. दाटपणा सांगायचा तर ताकासारखा नको आणि श्रीखंडासारखाही नको, सायीच्या दह्यासारखा हवा. तो बुचाला ब्रशने लावायचा नाही. जुन्या फोमचा तुकडा बशीत रंगाने भिजवून ठेवायचा आणि बूच त्यावर दोनदा हलके टेकवायचे. मग पहिला ठसा वर्तमानपत्रावर मारायचा आणि दुसरा कार्डावर. पहिला ठसा नेहमी ओला असतो, तो रद्दीच्याच नशिबी असतो, असे समजून चाल. कार्डाखाली जुन्या मासिकाची गादी ठेवली की ठसा सगळीकडे सारखा दबतो. सरळ खाली टेकवायचे आणि सरळ वर उचलायचे. आपला हात सवयीने किंचित फिरतो, तेवढ्यानेही गोलाला शेपूट येते.

दुसरे कार्ड माझ्या अकलेमुळे गेले. मला आधी '८०' चाही ठसाच करायचा होता, म्हणून मोठ्या खोडरबरावर कटरने मोठ्या हौसेने ८ कोरला. उमटवला तेव्हा तो उलटा निघाला. ठशावर सगळे आरशातल्यासारखे उलटे कोरावे लागते, हे मला माहीत नव्हते असे नाही, तरीही झाले. तुला अक्षरांचा ठसा करायचाच असेल तर सोपी युक्ती अशी : ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने सुलटे अक्षर काढ, तो कागद खोडरबरावर पालथा ठेव आणि पाठीवरून नखाने घास. अक्षर आपोआप उलटे उतरते. मी मात्र चिडून आकडा आणि अक्षरे स्टेन्सिलकडे नेली, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली.

स्टेन्सिलला जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. ती चिवट असते, रंगाने भिजत नाही आणि पुसून पुन्हा वापरता येते. घरात बाबांच्याच गुडघ्याची एक फिल्म होती. त्यांच्या कार्डावरचा '८०' त्यांच्याच गुडघ्यातून कापला आहे, हे अजून मी त्यांना सांगितलेले नाही. फिल्म कापताना हाताऐवजी फिल्मच फिरवायची, आणि बारीक जागा आधी कापून मोठ्या नंतर कापायच्या, म्हणजे पत्रा शेवटपर्यंत ताठ राहतो. आपल्या आकड्यातला ८ अगदी सुटसुटीत आहे, पण ० कापला की त्याच्या पोटातला गोल गळून हातात येतो. म्हणून दोन ठिकाणी बारीक पूल ठेवावे लागतात. जपानमध्ये कापडावर छापण्यासाठी कागदाचे अतिशय नाजूक स्टेन्सिल करतात, तिथे अशी सुटी बेटे जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी पूर्वी रेशमाचे बारीक धागे चिकटवत असत. आपल्याला तेवढा धीर नाही, आपण पूल ठेवावेत आणि रंग सुकल्यावर तेवढी फट बारीक ब्रशने भरावी.

देवनागरीची खरी परीक्षा शिरोरेषेत आहे. मी 'बाबा' हा शब्द शिरोरेषेसकट कापला. वर सलग लांब फट झाली आणि दोन उभ्या काठ्यांमधली फिल्म फक्त खालून धरलेली राहिली, म्हणजे तिची जीभच झाली. रंग लावताना ही जीभ उचलली जाते आणि रंग तिच्याखाली शिरतो. शिवाय 'ब' च्या पोटात तिरकी रेघ असल्यामुळे एका अक्षरात दोन बेटे, म्हणजे शब्दात चार. तिसरे कार्ड असे गेले : जीभ उचललेली आणि स्पंज रंगाने चिंब. फिल्म उचलली तेव्हा 'बाबा' ऐवजी एक पिवळा ढग दिसला. पुढच्या वेळी शिरोरेषा कापलीच नाही. अक्षरे सुटी कापली, बेटांना पूल दिले आणि शेवटी पट्टी धरून शिरोरेषा ब्रशने ओढली. काकूंसाठी तू 'आई' लिहिणार असशील तर तुझे काम सोपे आहे, शिरोरेषा वगळली की त्या शब्दात पोटाचे बेट उरत नाही.

रंग लावताना स्पंज रंगात बुडवून आधी वर्तमानपत्रावर इतके वेळा टिपायचा की त्याचा डाग जवळजवळ कोरडा पडू लागेल. मग स्टेन्सिलवर तो उभा टेकवायचा, ब्रशसारखा फिरवायचा नाही. पहिल्या टिपण्यात काही उमटलेच नाही असे वाटते. वाटू दे. दोन मिनिटे थांबून दुसरा थर दे, मग तिसरा. फिल्म कागदावर धरून ठेवायला चिकटपट्टी लागते, पण ती हातकागदाचे तंतू उपटून काढते. म्हणून पट्टी आधी दोन-तीनदा सदऱ्याच्या बाहीला चिकटवून काढ, म्हणजे तिचा चिकटपणा मरतो.

चांदण्या मात्र मी सगळ्यांत आधी करायला हव्या होत्या. चौथ्या कार्डावर चंद्र, आकडा, शब्द सगळे मनासारखे झाले होते, आणि शेवटी टूथब्रश पांढऱ्या रंगात बुडवून अंगठ्याने केस मागे ओढले, तर नेमका '८०' वर वाटाण्याएवढा थेंब पडला. ब्रश न झटकता घेतला होता, दुसरे काय! पाचव्याला मी आधी आकाश केले, तेही ब्रश चार वेळा रद्दीवर उडवून आणि थेंब मोहरीहून बारीक पडतात याची खात्री झाल्यावरच. ते सुकू दिले आणि मग बाकीचे केले.

घडीचे थोडक्यात सांगतो. ए-४ आकाराचा कागद मधोमध दुमडला की झाले, पण रंगकाम करण्यापूर्वीच संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने पट्टी धरून घडीची रेघ दाबून घे, नाहीतर जाड कागद घडीवर फुटतो आणि रंगही तडकतो. काकू तुझ्याकडेच असल्यामुळे टपालाचा प्रश्न नाही. पण नागपूरच्या ताईलाही एक पाठवणार असशील तर वजन करून घे, कारण चौरस मीटरला २५० ग्रॅमचा ए-४ कागदच साडेपंधरा ग्रॅमच्या वर भरतो, आणि लिफाफा धरला की पत्र वीस ग्रॅमच्या पहिल्या टप्प्याबाहेर जाते.

काकूंच्या कार्डावर चंद्र नकोत. त्यांना बागेची आवड आहे, तेव्हा कडेने भेंडीची फुले छान दिसतील. भेंडीला बहुधा पाच धारा असतात, त्यामुळे पाच पाकळ्या आयत्याच मिळतात. तिलाही बटाट्यासारखेच टिपून घ्यावे लागते, बियांभोवती चिकट असते.

बाबांनी कार्ड हातात घेतल्यावर काय केले असेल, ते तू ओळखू शकशील. त्यांनी चंद्र मोजले. तेरावा लहान का, हे त्यांना सांगावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून ते बूच आणि पिवळ्या रंगाची बाटली मागून घेतली. आता प्रत्येक पौर्णिमेला गच्चीवर जाऊन चंद्र पाहून येतात आणि कार्डाच्या आतल्या कोऱ्या पानावर एक ठसा मारून खाली पेन्सिलीने आकडा लिहितात. कोजागरीला ९९०, त्रिपुरीला ९९१. काल दत्तजयंतीचा ९९२ वा मारला, त्याच्या कडेला एक लांब ओघळ आला आहे. मी म्हटले, बाबा, रंग थोडा जास्त झाला. ते म्हणाले, "काल ढगही होते."

काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग. भेंड्या कोवळ्या नको, जरा जून घे.

तुझा,
मोहन