जूनमध्ये येत नाही, त्याविषयी

रिजायना, सास्कॅचेवान, कॅनडा
२० एप्रिल

ती. बाबा आणि ती. आई यांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर सांगितले असते, तर आईने "बरं, बरं" म्हणून फोन बाबांच्या हाती दिला असता आणि बाबांनी "तुझं तू बघ" एवढेच म्हटले असते. म्हणून हे पत्र लिहिते आहे. दादा ते मोठ्या अक्षरांत छापून आणून देईल. दुपारचा चहा झाल्यावर निवांत वाचा आणि आईलाही मोठ्याने वाचून दाखवा.

मी जूनमध्ये दारव्ह्याला येत नाही. शब्द दिला होता हे मी विसरलेले नाही, आणि आईने पापडांच्या डब्यांतला एक माझ्या नावाने बाजूला ठेवलाही असेल, हे मला इथे बसून दिसते आहे. ऑफिसातून जून आणि जुलै अशी दोन महिन्यांची बिनपगारी रजा मी मागितली होती, ती मंजूर झाली आहे, आणि त्या रजेत मी इथल्या ओस पडलेल्या गावांची, बंद शाळांची आणि मुख्यतः लाकडी धान्य-एलिव्हेटरांची छायाचित्रे काढत फिरणार आहे. डिसेंबरात मात्र पूर्ण सहा आठवडे येते आहे. ते तिकीट मी कालच काढले, कारण तिकीट हातात नसताना हे पत्र लिहिण्याचा मला धीर झाला नसता.

जुनी लाकडे मला तुमच्यापेक्षा मोठी वाटतात असे कृपा करून मनात आणू नका. बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी मी तिसऱ्या दिवशी तुमच्या पलंगाशी होते, आणि तशी वेळ आली तर रस्त्यातूनच गाडी विमानतळाकडे वळवीन. पण गेल्या तपासणीचे सगळे कागद दादाने मला पाठवले आहेत, ते मी इथल्या माझ्या डॉक्टरांनाही दाखवले, आणि त्यांनी ते चांगले आहेत असे सांगितल्यावरच मी रजेचा अर्ज केला. अर्ज देण्याआधी तीन आठवडे माझी झोप उडाली होती, हेही खरे.

आता जून-जुलैच का, ते सांगते. इथे बर्फ वितळून कच्चे रस्ते वाळायला मे उजाडतो आणि ऑक्टोबरात पुन्हा थंडी लागते; जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे तिरपा, मऊ उजेड तासन् तास मिळतो. हे एक कारण झाले. दुसरे कारण गेल्या सप्टेंबरात घडले. सहा वर्षे मी ज्या एलिव्हेटरावरून जात-येत होते आणि चांगल्या उजेडाच्या एखाद्या रविवारी त्याचे चित्र काढू म्हणत होते, तिथे एका रविवारी गेले, तर नुसती चौकोनी मोकळी जागा होती. एलिव्हेटर पाडून, लाकूड जाळून, जमीन सारखी केलेली होती. काँक्रीटच्या खड्ड्याच्या कडेने मात्र हिरवी रेघ दिसत होती. फळ्यांच्या फटींत वर्षानुवर्षे अडकलेला, नाही तर पाडतापाडता सांडलेला गहू पावसाने उगवला होता. मी त्या कोंबांचे चित्र काढले आणि गाडीत येऊन बराच वेळ रडले. तेव्हाच ठरवले की यापुढे "पुढच्या वर्षी" म्हणायचे नाही.

आई, एलिव्हेटर म्हणजे लिफ्ट नव्हे. रुळांलगत उभे केलेले, सत्तर-ऐंशी फूट उंच, लाकडी धान्यकोठार. शेतकऱ्याची गाडी आत काट्यावर उभी राही, गहू खालच्या खड्ड्यात ओतला जाई, आणि तिथून रहाटाच्या पोहऱ्यांसारख्या, पट्ट्याला लावलेल्या पेल्यांतून तो थेट माथ्यावर चढून पन्हळीवाटे हव्या त्या कप्प्यात पडे. पुढे आगगाडी आली की तोच गहू स्वतःच्या वजनाने डब्यात उतरे. भिंतींच्या फळ्या आडव्या, एकीवर एक रचून खिळ्यांनी ठोकलेल्या असतात, कारण भरलेल्या धान्याचा दाब सगळा बाहेर येतो आणि साध्या उभ्या फळ्या तो सोसू शकत नाहीत. घोडागाडीने माल घालून शेतकरी त्याच दिवशी घरी परतावा, म्हणून दर आठ-दहा मैलांवर एक थांबा, आणि थांब्याभोवती दुकान, शाळा, चर्च, एवढेसे गाव. १९३० च्या दशकात असे साडेपाच हजारांहून अधिक एलिव्हेटर या देशात उभे होते. आज काही शेच उरले आहेत. मॅनिटोबातल्या इंग्लिस गावी पाच एलिव्हेटर ओळीने राष्ट्रीय वारसा म्हणून जपले आहेत, ते मी शेवटी पाहणार आहे. पण सगळ्यांचे नशीब तसे नसते. याच प्रांतातल्या फ्लेमिंगचा १८९५ मध्ये बांधलेला एलिव्हेटर जतनाचे काम चालू असतानाच २०१० मध्ये आगीत गेला.

बाबा, आता जे लिहिते आहे ते खास तुमच्यासाठी. मागच्या ऑगस्टमध्ये एका शेतकऱ्याने त्याच्या मालकीचा एलिव्हेटर मला आतून दाखवला. कचेरी निराळी, चार पावलांवर. धान्याची धूळ पेट घेते म्हणून शेगडी आणि इंजिन मुख्य इमारतीपासून दूर ठेवत. कचेरीत काट्याची पितळी दांडी होती, तिच्यावरचे वजन सरकवून सरकवून आकडे पुसट झालेले. भिंतीला वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्या टांगलेल्या. शेतकऱ्याचा माल चाळून त्यातले तणाचे बी आणि कचरा किती, ते ठरवायचे आणि तेवढे वजन कापायचे, म्हणजे आपला कडताच. आणि काट्याशेजारच्या फळ्यांवर, हात पोहोचेल तिथपर्यंत, पेन्सिलीने लिहिलेले आकडे: तारीख, वजन, कापलेले वजन, मध्येच कुठे "पाऊस", कुठे "गारा".

मला एकदम तुमच्या कापूस खरेदी केंद्राची ती चुन्याची भिंत आठवली. तुम्ही बोटांत कापूस धरून धागा ओढायचा, कवडी बाजूला काढायची, प्रत ठरवायची, आणि वही येईपर्यंत आकडा भिंतीवर टिपून ठेवायचा. मी गंजीवर बसून ते सगळे पाहत असे आणि संध्याकाळी तुम्ही माझ्या केसांतली रुई वेचून काढत असा. त्या वर्षी तुम्ही सही केली नाही, आणि त्याचे पुढे जे झाले ते आपण घरात कधी बोललो नाही. परंतु इथल्या लोकांना मी जेव्हा विचारते की तुमच्या गावचा एलिव्हेटरवाला कसा माणूस होता, तेव्हा ते आधी एवढेच सांगतात की त्याचा काटा खरा होता की नव्हता. चाळीस वर्षांनंतरही लोकांना तेवढे लक्षात आहे. तुमचा काटा खरा होता, बाबा. ती भिंत पाडली तेव्हा माझ्याजवळ कॅमेरा नव्हता.

ही गावे का ओस पडली, असे तुम्ही विचाराल. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर भरून १६० एकर जमीन मिळू लागली आणि माणसे जहाजे भरभरून आली. जॉन पॅलिसर नावाच्या माणसाने १८५७ ते १८६० या काळात हा मुलूख पाहून दक्षिणेकडचा कोरडा पट्टा शेतीला धार्जिणा नाही असे आधीच सांगितले होते, पण सलग चांगल्या पावसाची वर्षे आली की असे इशारे कोण ऐकतो? मग १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीची वादळे आली. १९३१ मध्ये या प्रांताची लोकसंख्या नऊ लाख एकवीस हजार होती, ती १९५१ मध्ये आठ लाख एकतीस हजारांवर उतरली. उरलेल्या गावांना रेल्वेने धरून ठेवले होते. १८९७ च्या करारापासून चालत आलेली धान्यवाहतुकीची सवलत १९९५ मध्ये पूर्णपणे संपली, छोट्या शाखा एकेक करून बंद झाल्या, शेतकरी मोठमोठ्या ट्रकांतून माल दूरच्या काँक्रीटच्या कोठारांकडे नेऊ लागले. शकुंतला आगगाडी थांबल्यावर आपल्या मोतीबाग स्टेशनाचे काय झाले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी आणखी काय समजावून सांगू?

आईला आवडेल असे एक घर मी पाहून ठेवले आहे. किंडर्सलीजवळ एका कुटुंबाने १९०९ ते १९११ या काळात गवताच्या मुळांसकट मातीचे लांब तुकडे कापून, विटांसारखे रचून घर बांधले. ते अजून उभे आहे. त्याच्या भिंतींची जाडी पाहून मला आजीचे धाब्याचे घर आठवले, उन्हाळ्यात आत पाऊल टाकले की अंग निवत असे ते. आणि आई, त्याच मातीत आता मसूर पिकतो! इथल्या विद्यापीठाने १९७८ मध्ये मसुराचे लेअर्ड हे वाण काढले, तेव्हापासून हे पीक वाढत गेले आणि ते भारतातही येते. तू आमटीला मसूर निवडतेस, त्यात एखादा दाणा माझ्या रस्त्यावरचा असू शकतो.

मी एकटी जाणार आहे, हे ऐकून तू देवापुढे बसशील, म्हणून नीट सांगते. परवानगीशिवाय मी कोणाच्याही आवारात पाऊल ठेवत नाही. १ जानेवारी २०२२ पासून इथे शेतजमिनीत जाण्याआधी मालकाची संमती घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. बहुतेक चित्रे मी रस्त्यावरूनच घेते, कुजलेल्या जमिनीच्या खोल्यांत शिरत नाही, आणि एखाद्या कचेरीत जावे लागले तर उंदरांच्या घाणीमुळे एन-९५ मुखपट्टी लावते. रात्री मुक्काम मोटेलात, गरम पाणी आणि पांघरूण व्यवस्थित असते. गाडीत वीस लिटर पाणी, जादा चाक आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारे यंत्र आहे. मी कुठे आहे ते दादाला फोनच्या नकाशावर दिसत राहील. पाऊस पडला की इथले मातीचे रस्ते आपल्या काळ्या मातीसारखेच होतात, चाकाला चिकटतात आणि गाडी सोडत नाहीत, म्हणून आभाळ भरले की मी डांबरी रस्त्यावरच थांबते. दारव्ह्याच्या मुलीला काळ्या मातीचे कोणी शिकवायला नको. जेवणाला मेतकूट, तिखटमिठाच्या दशम्या, थर्मासात वरणभात. उपाशी राहत नाही. रोज माझ्या सकाळी आठला, म्हणजे तुमच्या संध्याकाळी साडेसातला, दिवाबत्ती झाल्यावर माझा फोन येईल. एखाद्या दिवशी रेंज मिळाली नाही, तर यंत्रावरून "ठीक आहे" एवढा निरोप दादाकडे येईल आणि तो तुम्हाला लगेच कळवील.

आता माझे ऐका. कूलरच्या टाकीत पाणी भरायला बाबांनी स्टुलावर चढायचे नाही. शेजारचा मुलगा रोज सकाळी येऊन भरील, त्याचे पैसे मी दादाकडे दिले आहेत, तेव्हा त्यात संकोच नको. वाळ्याच्या ताट्या दादा मे उजाडण्याआधी बदलून देईल. अकरा ते पाच या वेळात बाबांनी लूना बाहेर काढायची नाही, कोणाची मयत असली तरी नाही. रक्त पातळ होण्याची गोळी रात्रीच्या जेवणानंतरची, ती "आज जेवलो नाही नीट" म्हणून चुकवायची नाही. आई, तू गुडघ्याचा पट्टा फक्त डॉक्टरांकडे जाताना लावतेस हे वहिनीने मला सांगितले आहे. तिच्यावर रागावू नकोस, मीच विचारले होते. यंदा सरगुंड्या, कुरडया घातल्याच तर गच्चीवर घालू नकोस, बाईला अंगणात घालायला सांग. मी रागावून लिहीत नाही. लहानपणी मला ताप आला की तू उशाशी बसून मला दरडावत असायचीस, तेवढ्याच हक्काने मी लिहिते आहे.

शकुंतलेतून मूर्तिजापूरला जाताना वाफेच्या इंजिनाचा कोळसा माझ्या डोळ्यात गेला होता, आठवते? तू पदराचा बोळा करून, त्यावर फुंकर घालून डोळा शेकत राहिलीस, आणि बाबा पूर्ण वाटभर खिडकीत पाठ करून उभे राहिले. इथे मैलोन् मैल सरळ रस्त्याने एकटी जात असते, तेव्हा का कोण जाणे, माझ्या त्याच डोळ्याला ती ऊब जाणवते.

डिसेंबरात कापूस घरात येत असेल आणि ऊनही सोसेल असे असेल. तेव्हा आपण तिघे रिक्षा करून मोतीबागेला जाऊ, जेवढा फलाट उरला असेल तेवढा पाहू. मी तुमचा क्लिक थ्री कॅमेरा घेऊन येते आहे. तो अजून उत्तम चालतो, त्याची फिल्म इथे मिळते, आणि "बारा आहेत, तेरावा नाही" हे तुमचे वाक्य मी प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी मनात म्हणते. त्या दिवशीचे बाराही फोटो तुम्ही काढायचे. मी आणि आई समोर उभ्या राहू.

इथून तुम्हा दोघांच्या पाया पडते.

तुमची,
धाकटी

ता. क. : क्लिक थ्रीची कातडी पिशवी माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत आहे, असे मला वाटते. बाबा, ती शोधायला माळ्यावर चढू नका. मी आल्यावर काढीन.