पारावरच्या झाडांची नोंद ठेवा

सेवाग्राम आश्रमात गेलं की प्रार्थनाभूमीजवळचा पिंपळ पाहावा. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले. गावाला सेवाग्राम हे नाव १९४०मध्ये मिळालं, त्याआधीचा हा पिंपळ! तो बापूंनी स्वतः लावला. जवळचा बकुळ कस्तुरबांच्या हातचा. बकुळीची फुलं वेचताना माझ्या आईचे डोळे भरून आले होते. झाड कुणी आणि कधी लावलं हे तिथे सांगितलं जातं, म्हणूनच हे घडलं.

आमच्या गावच्या चौकातला कडुलिंब पहिल्या स्वातंत्र्यदिनी लावलेला, असं आजोबा सांगत. कागदावर मात्र काहीच नव्हतं. रस्ता रुंद करताना तो इतर झाडांसोबत एका दुपारी पडला. नुसता पार उरला, पुढे तोही गेला. त्या सावलीत मी पाढे पाठ केले होते.

ग्रामपंचायतींनी अशा झाडांची यादी करून ग्रामसभेत वाचावी आणि बुंध्यापाशी साधी पाटी लावावी. खिळा ठोकून नव्हे, जमिनीत रोवून. सांगणारी माणसं ऐंशी-नव्वदीची आहेत. हे काम याच पावसाळ्यात व्हावं.

– एक वाचक, वर्धा